मशीन हवेवर चालवायचं की मोटरवर? धाराशिवच्या छोट्या कारखान्यांचं वीजबिल याच प्रश्नात अडकलंय

एसटी स्टँडवर गाडी लागली की चाकांजवळून 'फुस्स' असा आवाज येतो. ब्रेक सोडताना आतली दाबाची हवा बाहेर पडते, तिचा हा आवाज. कारखान्यात गेलात तर तोच आवाज दिवसभर ऐकू येतो. पोतं पकडणं, पाउच चिकटवून कापणं, वॉल्व्ह उघडणं-मिटणं अशी कामं करणारी मशीन्स बऱ्याचदा दाबाच्या हवेवर चालतात. डाळमिल असो, दूध-खव्याचं पॅकिंग असो की साखर कारखाना, हवेची पाइपलाइन असतेच.

आता जगभरात या हवेच्या सिलिंडरच्या जागी इलेक्ट्रिक मोटर बसवण्याकडे कल आहे. भारतातही त्याला पूरक अशी एक योजना आली आहे. 15 जुलै 2025 रोजी पानिपतमध्ये केंद्र सरकारने 1,000 कोटी रुपयांची 'अदिती' योजना सुरू केली. वीज वाचवणारी यंत्रं घेण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 5 टक्के, तर मध्यम उद्योगांना 3 टक्के सवलत मिळते. त्यासाठी किमान 10 टक्के ऊर्जा वाचली पाहिजे.

मग धाराशिवच्या एखाद्या डाळमिलवाल्याने सगळे सिलिंडर काढून मोटरी बसवाव्यात का? इथेच गंमत आहे.

हवा फुकट, पण दाब महाग

हवा फुकट मिळते, म्हणून ती स्वस्त वाटते. प्रत्यक्षात कारखान्यात वापरली जाणारी सगळ्यात महाग शक्ती तीच. कॉम्प्रेसर वीज खातो, हवा दाबतो आणि त्यात बहुतेक वीज उष्णता होऊन निघून जाते. शेवटी सिलिंडरपाशी उपयोगी काम म्हणून हाती लागतं ते साधारण 10 ते 15 टक्के. मोटरने तेच काम केलं तर बरीच जास्त वीज कामी येते. शिवाय मोटर हलते तेव्हाच वीज घेते. कॉम्प्रेसरचं तसं नाही. साध्या, एकाच वेगाच्या स्क्रू कॉम्प्रेसरला हवेची मागणी नसली तरी तो रिकामा फिरताना पूर्ण भाराच्या जवळपास तिसरा हिस्सा वीज ओढत राहतो.

त्यात गळती. पाइपचे सांधे आणि जुने वॉल्व्ह यांतून 20 ते 30 टक्के हवा नुसतीच उडून जाणं, ही देखभाल नसलेल्या कारखान्यातली नेहमीची गोष्ट. 7 बार दाबाच्या लाइनमध्ये सगळी गळती मिळून फक्त 3 मिलिमीटरच्या भोकाएवढी असली, तरी ती साधारण साडेतीन किलोवॅट खाते. रोज 10 तास, महिन्याला 25 दिवस आणि युनिटला 8 रुपये धरले तर महिन्याचे 7,000 रुपये. एका छोट्या युनिटला हा आकडा हलका नाही.

खव्यासारख्या खाद्यपदार्थात आणखी एक भानगड असते. कॉम्प्रेसरच्या हवेसोबत पाण्याचा आणि तेलाचा अंश येतो. फिल्टर आणि ड्रायर नीट नसतील तर तो थेट मालापर्यंत पोचू शकतो. भूम भागातल्या खवा उद्योगाने पॅकिंग मशीन घेताना हा मुद्दा विजेच्या आधी पाहिला तरी चालेल.

तरीही हवा टिकून का आहे?

कारण ती सोपी आहे. 50 मिलिमीटर व्यासाचा साधा सिलिंडर 6 बार दाबावर सुमारे 120 किलोचा रेटा देतो. त्याचं सील गेलं तर गावातला फिटर किट बदलून तासाभरात मशीन चालू करतो. सर्वो मोटरचा ड्राइव्ह बंद पडला की पडद्यावर एरर कोड दिसतो आणि पुढे पुणे-सोलापूरच्या इंजिनियरची वाट पाहावी लागते. सोयाबीनचा हंगाम त्याच्यासाठी थांबत नाही. ड्राइव्हला धूळ, उन्हाळ्याची चाळिशी पार केलेली उष्णता आणि विजेचा खालीवर होणारा दाब, तिन्हींचा त्रास. किंमतही कित्येक पट. काही पकडून धरून ठेवायचं असेल तर हवेचा सिलिंडर वीज न खाता धरून बसतो. मोटरला त्यासाठी स्क्रू किंवा ब्रेक जोडावा लागतो, नाहीतर ती करंट घेत राहते.

आणि काही ठिकाणी मोटरचा उपयोगच नाही. डाळमिलमधलं सॉर्टेक्स मशीन घ्या. कॅमेरा दाणा पाहतो आणि खराब दाणा हवेच्या फुंकरीने बाजूला उडवतो. ही फुंकर मोटर घालू शकत नाही.

म्हणजेच डाळमिलमध्ये पोती पकडणारे सिलिंडर इलेक्ट्रिक केले, तरी सॉर्टेक्ससाठी कॉम्प्रेसर चालूच राहणार. गळती तीच, रिकामं फिरणंही तेच. मोठा खर्च होतो आणि बिल मात्र फारसं हलत नाही. खरी बचत होते ती कॉम्प्रेसर कायमचा बंद झाला किंवा लहान झाला तरच. एकच पॅकिंग मशीन असलेल्या खवा युनिटमध्ये हे शक्य आहे. सॉर्टेक्स असलेल्या डाळमिलमध्ये अवघड. कौडगावच्या प्रस्तावित तांत्रिक वस्त्रोद्योग पार्कमध्ये नव्याने उभं राहणाऱ्याला मात्र आधीच ठरवता येईल. एअरजेट माग आडवा धागा हवेच्या झोताने फेकतो, म्हणून त्याला प्रचंड हवा लागते. रेपियर माग धागा यांत्रिक हाताने ओढून नेतो. अर्थात वेगात एअरजेट पुढे, त्यामुळे तिथेही हिशोब एकतर्फी नाही.

ज्यांची मशीन्स आधीच बसलेली आहेत, त्यांच्यासाठी पहिली तपासणी जवळपास फुकटची आहे. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन्स बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करायचा. टाकी भरल्यावर तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा भार घेत असेल, तर गळती आहे. सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. दाब गरजेपेक्षा जास्त ठेवला असेल तर 1 बार कमी केल्यावर कॉम्प्रेसरची वीज साधारण 7 टक्क्यांनी उतरते. यानंतरही कॉम्प्रेसर दिवसभर कोणत्या एका कामासाठी चालतो, ते पाहायचं. ते काम मोटरवर जात असेल तरच कर्जाचा विचार.

'अदिती' 2027-28 पर्यंत चालणार आहे. ती अन्नप्रक्रिया आणि वस्त्रोद्योगासह 14 क्षेत्रांसाठी आहे, पण पहिला टप्पा 60 निवडक औद्योगिक समूहांपुरताच आहे. त्यामुळे कोटेशन मागवण्याआधी आपला समूह त्या यादीत आहे का, हे बँकेत किंवा जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यावं लागेल.