नवेगाव बांधचा नकाशा कसा वाचावा

जुने सर्वेक्षण-नकाशे समाजमाध्यमांवर आले की त्यांखाली एक वाक्य हमखास उमटते : इंग्रजांनी मोजली, तेव्हा कुठे या देशाला आपली जमीन समजली. हे वाक्य तपासायचे असेल, तर गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधचा नकाशा उघडावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ६४ डी या चौकटीत तो सापडतो.

पिंगट समोच्च रेषांनी टेकड्या दाखवल्या आहेत, निळ्या रंगात पाणी. नवखा वाचक म्हणतो, केवढे सुंदर नैसर्गिक सरोवर! पण नैसर्गिक काठ टेकडीच्या रेषेबरोबर वळत जातो. टेकड्यांमधल्या खिंडीपाशी तो अडला असेल, तर तिथे माणसाचा हात शोधावा. तो हात कोलू पाटील कोहळी यांचा. अठराव्या शतकाच्या आरंभी त्यांनी बांध घालून हे खोरे पाण्याखाली आणले.

आता सनावळी पाहा. लॅम्टनने मद्रासेत त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला १८०२ मध्ये; १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला. तोवर नवेगावचा बांध शंभरीच्या घरात आला होता. कोणती खिंड बुजवली तर पाणी किती चढेल, ते दुसरीकडून कुठे निसटेल, कोणती भातशेती भिजेल, हे ठरल्यावाचून असा बांध उभा राहत नाही. जमिनीचे चढउतार कोहळ्यांना ठाऊक होते. त्यांनी ते कागदावर उतरवले नाहीत, इतकेच.

यात इंग्रज अधिकाऱ्यांना सरसकट झोडपण्याचेही कारण नाही. १९०८ च्या भंडारा जिल्हा गॅझेटियरमध्ये कोलू पाटलांचे नाव स्वच्छ नोंदलेले आहे. ते न वाचता नुसता नकाशा मिरवणाऱ्यांचा आळस मात्र अक्षम्य आहे.

आणि स्वतंत्र भारताच्या दप्तराचे काय? पूर्व विदर्भातील अशा हजारो तलावांना तिथे ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. बोलीत ‘मामा तलाव’. मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारा. गावावरची त्याची मालकी इंग्रजी जमाबंदीने पक्की केली आणि स्वातंत्र्यानंतर ती संपुष्टात आली. तलावांच्या नावात तो अजून आहे. तलाव बांधणारा कोहळी त्या नावात कधी आलाच नाही.

नवेगावच्या पाण्याभोवतीच्या टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. त्यांतल्या एका शिखरावर कोलासूर देवाचे ठाणे आहे. तो देव म्हणजे कोलू पाटीलच.