धावायचं कुणासाठी?



‘आयर्नमॅन’ हा शब्द आता आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही दिसू लागला आहे. (नावातच पुरुष आहे, ते तूर्त बाजूला ठेवू.) ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन शर्यत. ३.८ किलोमीटर पोहायचं, लगेच १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि त्यावर ४२ किलोमीटर धावायचं. सगळं साधारण १७ तासांच्या आत. २०१९ मध्ये गोव्यात निम्म्या अंतराची शर्यत पहिल्यांदा भरली. त्यात उतरणारे बहुतेक जण खेळावर पोट भरणारे नसतात. नोकरीधंदा सांभाळून, महिनोन् महिने सराव करून ते निव्वळ हौसेनं येतात.

१९७८ मध्ये हवाई बेटांवर ही शर्यत सुरू झाली तेव्हा सगळे पुरुषच होते. पुढच्याच वर्षी लिन लेमेअर ही एकटी बाई उतरली आणि सगळ्यांत पाचवी आली. बाईला झेपेल का, हा प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. पण २०१५ मध्येही जागतिक स्पर्धेत व्यावसायिक पुरुषांना ५० जागा आणि बायकांना ३५ असाच हिशेब होता. तो बदलावा म्हणून खेळाडू बायकांना मोहीम काढावी लागली.

आपल्यातल्याच काही जणी म्हणतील, हे पोट भरलेल्यांचे चोचले. इथे प्यायला पाणी नाही, हाताला काम नाही. त्या शर्यतीची सायकल लाखाच्या घरात जाते, हे खरंच आहे. पण आम्हाला सायकलीच्या किमतीपेक्षा सरावाच्या तासांबद्दल बोलायचं आहे.

लता भगवान करे आठवतात? मूळच्या बुलढाणा जिल्ह्याच्या, पोटासाठी बारामतीजवळ पिंपळीला गेलेल्या. साठी ओलांडलेली ही बाई २०१३ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात नऊवारी नेसून अनवाणी धावली आणि पहिली आली. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते आणि बक्षीस पाच हजारांचं होतं. पुढच्या वर्षी ती पुन्हा जिंकली. तिच्यावर सिनेमा निघाला, त्यात तिनंच काम केलं आणि राष्ट्रीय पुरस्कारात तिचा विशेष उल्लेख झाला.

कौतुक झालं ते कशाचं? नवऱ्यासाठी धावली म्हणून आधुनिक सावित्री झाली. साठीनंतर कुठल्याही प्रशिक्षकाशिवाय तिचे पाय इतके कसे चालले, दम कसा टिकला, हे फारसं कुणी विचारलं नाही. ज्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पतिव्रताधर्म एकट्या बाईच्याच गळ्यात का, असा जाब विचारला, त्याही बुलढाण्याच्याच. त्यांना हे कौतुक वाचून काय वाटलं असतं कोण जाणे! नवरा ठणठणीत असता आणि लताबाई म्हणाल्या असत्या, ‘मला आवडतं म्हणून धावते,’ तर गावानं काय म्हटलं असतं?

आता पोहण्याचं बघा. खेड्यातली पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या टाकतात आणि चार दिवसांत पोहायला शिकतात. मुलींना कुणी शिकवत नाही. बाईचा विहिरीशी संबंध पाणी शेंदण्यापुरता, नाहीतर पंचनाम्यापुरता. सायकलचं थोडं बरं आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, आणि सकाळी रस्त्यानं जाणाऱ्या त्यांच्या रांगा पाहून आम्हाला अजूनही बरं वाटतं. पण बारावी झाली, लग्न ठरलं, की सायकल भावाकडे जाते. धावणं म्हणाल तर पोलीस भरतीच्या निमित्तानं पहाटे मुली दिसतात. भरती होवो न होवो, त्यानंतर तेही बंद.

प्रश्न ताकदीचा नाही. सोयाबीन सोंगून, घरी येऊन भाकरी थापणाऱ्या बाईला दमसास कुणी शिकवायला नको. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात. जे पुरुष घरकाम करतात, ते ८८. लांबच्या शर्यतीची तयारी म्हणजे आठवड्याला दहा-बारा तास. नोकरदार पुरुष ते काढतो तेव्हा त्याचा डबा, पोरांची शाळा, म्हाताऱ्यांची औषधं कुणीतरी बघत असतं. बाईनं तेवढे तास मागितले तर पहिला प्रश्न येतो, ‘मग घरचं कोण करणार?’

आपण रेशनसाठी, दारूबंदीसाठी, पोटगीसाठी मोर्चे काढले. बाईच्या मोकळ्या तासासाठी कधी काढला नाही. तो मागायचीच आपल्याला लाज वाटते, निदान काही कारण तरी जोडावंसं वाटतं: तब्येतीसाठी, भरतीसाठी, नवऱ्याच्या औषधासाठी.

तुमच्या तालुक्याच्या मैदानावर पहाटे दिवे असतात का? पोहण्याचा तलाव असेल तर बायकांची वेळ कोणती, की भर दुपारची? शिकवायला बाई आहे का? गटाच्या बैठकीत विचारा, क्रीडा अधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि मिळालेलं उत्तर आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात ती उत्तरं तालुक्याच्या नावासकट छापू.