दुखण्याचे शब्द

शस्त्रक्रिया पार पडली, गाठ निघाली, टाकेही काढले. मग अजून दुखते कसले? स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर गावी परतलेल्या स्त्रीला घरचे असे विचारतात. पुढे ती स्वतःलाच विचारू लागते आणि 'जीव वाचला हे का थोडे?' म्हणून गप्प बसते. या गप्प बसण्याला सोशिकपणा म्हणून त्याचे गोडवे गाणे आम्हांला अनुचित वाटते.

काखेतील लसीकाग्रंथी काढताना दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी संवेदनेची नस पुष्कळदा ताणली किंवा कापली जाते. जखम भरली तरी नसेचे दुखणे उरू शकते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका पाहणीत शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनीही ४७ टक्के स्त्रियांनी वेदना होत असल्याचे सांगितले होते. अशा दुखण्याला नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या अनेकदा पुऱ्या पडत नाहीत. अमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन यांसारखी वेगळी औषधे डॉक्टर देऊ शकतात. खांद्याच्या व्यायामाचाही उपयोग होतो.

पण हे दुखणे नसेचे आहे, हे ओळखावे कसे? क्ष-किरणांत ते दिसत नाही. प्रथम कळते ते रुग्णाच्या शब्दांतून. 'शून्य ते दहांत किती?' या प्रश्नाने दुखण्याचे प्रमाण समजते, जात समजत नाही. आमच्या भागातील अक्षरशत्रू बाईदेखील ठणका, कळ, चमक, आग, चरचर, मुंग्या आणि बधिरपणा यांतला भेद अचूक जाणते. 'काखेत आग होते', 'दंडात चमक निघते' ही तक्रार नव्हे, निदानाची सामग्री आहे.

१९८७ साली बार्शीस सुरू झालेल्या, ग्रामीण भारतातील पहिल्या कर्करोग नोंदणीत धाराशिव जिल्ह्यातील परंडा आणि भूम हे तालुके होते. नोंदणीचे काम रुग्ण आणि मृत्यू मोजण्याचे. दुखणे लिहून घेण्याचे काम तपासणीच्या खोलीतच व्हायला हवे. प्रत्येक फेरतपासणीत 'कसे दुखते?' असे विचारावे आणि तिचा शब्द केसपेपरवर जसाच्या तसा लिहावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्याला खर्च येत नाही. आणि घरच्यांनी तिला 'सोस' म्हणण्याऐवजी 'सांग' म्हणावे.