सभाधीटपणा कशात आहे?

पोलादाच्या भट्ट्या, बियाण्यांच्या कंपन्या आणि 2018 पासून रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र यांच्यामुळे जालन्यात नोकरीच्या वाटा जसजशा रुंदावल्या, तसतसा तरुणांना ‘व्यक्तिमत्त्व’ शिकवण्याचा व्यवसायही वाढीस लागला. मंठा, भोकरदन, जाफराबाद इकडून एसटीने येणाऱ्या मुलाला असल्या वर्गांत सांगितले जाते की हस्तांदोलन घट्ट हवे, नजर समोरच्याच्या डोळ्यांत हवी, वाक्य शक्यतो इंग्रजीत हवे, आणि शब्दांची फार चिंता करू नये, कारण संभाषणात शब्दांचा वाटा अवघा 7 टक्के असतो. या शिकवणुकीने चांगली जाणती मुले स्वतःविषयी साशंक होताना मी पाहिली आहेत, म्हणून प्रथम तिचाच समाचार घेणे प्राप्त आहे.

त्या 7 टक्क्यांचे मूळ अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहरेबियन यांच्या 1967 सालच्या प्रयोगांत आहे. एखादाच शब्द कानी पडला असता ऐकणारा बोलणाऱ्याची आपुलकी किंवा नावड कशावरून ताडतो, एवढाच त्या प्रयोगांचा विषय होता. त्यातून शब्दांना 7, आवाजाला 38 आणि चेहऱ्याला 55 असे प्रमाण निघाले, आणि भावना व वृत्ती यांच्या प्रकटीकरणापलीकडे ते लागू पडत नाही, असा खुलासा खुद्द मेहरेबियन यांनीच पुढे केला. हा खुलासा वर्गांपर्यंत पोचला नाही. भट्टीचे अस्तर झिजले आहे, किंवा बीजोत्पादनाच्या प्लॉटला खेटून दुसऱ्याच वाणाचा कापूस फुलला आहे, ही वार्ता वरिष्ठाला चेहऱ्याने कशी कळवावी? तिथे शब्दच लागतात, आणि तेही मोजके, नेमके, वेळेवर उच्चारलेले.

दुसरा पूर्वपक्ष याच्या उलट, आणि आमच्या घराघरांत मुरलेला आहे: आपण आपले काम चोख करावे, पुढेपुढे करू नये, काम आपोआप दिसते. या मताच्या मुळाशी असलेल्या शालीनतेविषयी मला आदर आहे. परंतु ते ज्यांना परंपरेचे वाटते, त्यांनी याच जिल्ह्यातील जांब येथे 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांकडे पाहावे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात उत्तम लक्षणे सांगताना समर्थांनी चारचौघांत संकोचणे आणि चारचौघांत वायफळ बोलणे हे दोन्ही दोष एकाच दमात निषिद्ध ठरवले आहेत; एकोणिसाव्या दशकाचा तर आरंभच लेखनक्रियेने, म्हणजे अक्षर कसे असावे आणि ओळी कशा राखाव्यात या तपशिलाने होतो. ज्या भूमीने मांडणीचा इतका बारकाईने विचार करणारा पुरुष दिला, तिथे मौन हाच सद्गुण कसा ठरला?

तो स्वभावाने ठरला, असे म्हणणारा तिसरा पक्ष आहे, आणि तो मला सर्वांत जास्त लागतो. मराठवाड्याचा माणूस मुळातच बुजरा, असे मोठ्या शहरांतील कचेऱ्यांत सहज बोलले जाते. असे बोलणाऱ्यांनी इतिहासाचे दप्तर उघडावे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. कचेरीचा कारभार उर्दूत, 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातले शिक्षण उर्दूत, आणि जाहीर सभा भरवायची तर ‘गश्ती निशाण 53’ या परिपत्रकान्वये सरकारची परवानगी. ज्याचा अर्ज दुसऱ्याने, दुसऱ्याच्या भाषेत लिहायचा आणि ज्याने खाली नुसता अंगठा उठवायचा, तो कचेरीची पायरी चढताच गप्प होणारच, आणि त्याचा मुलगाही बापाकडे पाहून तेच शिकणार. तरीसुद्धा त्याच अमलात, 1937 साली, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले ते परतूरला, आणि परतूर आज जालना जिल्ह्यात आहे. बुजऱ्यांच्या गावी असली अधिवेशने भरत नसतात. आता उर्दूच्या त्या जागी इंग्रजी आणून बसवणे आणि तिला आत्मविश्वास म्हणणे म्हणजे जुनी पायरी नव्या दगडाने बांधणे होय. इंग्रजी अवश्य शिकावी. पण ती येईपर्यंत तोंड उघडू नये, हा दंडक कोणी घातला?

सभाधीटपणा कशात असतो, ते मला 2013 सालच्या उन्हाळ्यात कळले. टँकरवाचून गावांचा दिवस जात नव्हता. एका तालुक्याच्या ठिकाणी टंचाईच्या आढावा बैठकीला मी हजर होतो. एका तरुण ग्रामसेवकाला साहेबांनी कागदावरची नजर न काढता विचारले, “खेपा नियमित आहेत ना?” तो उठला, घसा साफ केला, “होय साहेब” म्हणाला आणि बसला. तासाभराने टपरीवर चहा घेताना तोच मला सांगत होता: “काका, कागदावर चार खेपा आहेत, पण जिथं टँकर भरतो ती विहीर दोन खेपांतच तळाला जाते. तिसऱ्या खेपेला डायवर दोन-दोन तास बसून राहतो. शेजारच्या मळ्यातल्या विहिरीला दोन परस पाणी आहे, मालकही तयार आहे. तिचं अधिग्रहण झालं तर भागतंय.”

या निवेदनात कोणता शब्द अडखळला? माहिती पूर्ण, क्रम बिनचूक, उपायदेखील तयार. आणि हे सारे ज्या माणसाला सांगायचे, त्याच्यासमोर मात्र दोनच शब्द. म्हणून माझा पक्ष असा आहे की आत्मविश्वास हा अंगावर चढवायचा पोशाख नसून, स्वतःच्या कामाचा तपशील मुखोद्गत असणे, तो मांडण्याचा क्रम आधी ठरवलेला असणे, आणि आपल्या या बोलण्यावर कोणाचा तरी घोटभर पाण्याचा हक्क अवलंबून आहे याची जाणीव असणे, या तिहींतून तो येतो. त्यातला अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या हाती असतो, हेही विसरता येत नाही. ज्या प्रश्नात ‘होय’शिवाय उत्तराला जागाच नाही, तो विचारणारा अधिकारी कनिष्ठाच्या मौनाचा वाटेकरी असतो.

त्या संध्याकाळी आम्ही अर्ध्या पानावर मसुदा केला: आधी मागणी, मग कारण, मग उपाय. त्याने तो तीनदा मोठ्याने म्हटला. पुढल्या बैठकीत तोच प्रश्न आला, तेव्हा तो उभा राहून म्हणाला, “नाही साहेब. दोनच खेपा होतात. भरण्याची विहीर आटली आहे. शेजारच्या विहिरीच्या अधिग्रहणाचा आदेश हवा.” आवाज कापत होता, डोळे कागदावर होते, इंग्रजीचा एक शब्दही नव्हता. साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, “पुन्हा सांगा.” त्याने पुन्हा सांगितले, या वेळी कागदाकडे न पाहता. समासात शेरा पडला. मग साहेब त्याच्या शेजारी बसलेल्या ग्रामसेवकाकडे वळले: “खेपांचं राहू द्या. तुमच्या विहिरीत पाणी किती आहे, ते आधी सांगा.”