शितावरून भाताची परीक्षा

सभेतील श्रोत्यांस सिद्धांतापेक्षा उदाहरण लवकर पटते. वक्ता चार गावांची हकीगत सांगतो आणि तीवरून साऱ्या मराठवाड्याविषयी निष्कर्ष काढतो. तर्कशास्त्र यास विगमन म्हणते. लोकभाषेत ती शितावरून भाताची परीक्षा. परंतु शिताची साक्ष ग्राह्य ठरते, ती साऱ्या भाताला एकच आच लागलेली असते म्हणून. समाज असा एका हंडीत शिजत नाही. हे विसरणारा प्रचार कोणत्या थरास जातो, याचा अनुभव नांदेड जिल्ह्याने घेतला आहे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातील दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. नामांतराच्या विरोधात सवलतींविषयीचा रोषही मिसळला होता. त्या रोषाचा युक्तिवाद विगमनाचाच होता: शिकून नोकरीस लागलेला एखादा दलित तरुण दाखवावयाचा आणि सारा समाज सुस्थितीत गेल्याचे सांगावयाचे. त्याच्याच वस्तीतील भूमिहीन मजूर उदाहरणांच्या यादीत येतच नव्हते. नामविस्तारास १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली.

हीच पद्धत प्रामाणिकपणे वापरली तर ती दुबळ्यांचे शस्त्र होते. मराठवाड्यावरील अन्याय वर्षानुवर्षे सभांतून मांडला जात होता. १९८३ मध्ये नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण आदी क्षेत्रांची जिल्हावार मोजणी केली आणि १९८४ च्या अहवालात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी रुपयांचा अनुशेष दाखविला. विदर्भाचाच नव्हे, तर उर्वरित महाराष्ट्राचाही अनुशेष तिने झाकून ठेवला नाही. म्हणूनच मराठवाड्याची तक्रार केवळ भावनेची म्हणून झटकणे अवघड झाले.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; त्याच वर्षीच्या पावसाने मांजरा धरणात पुन्हा पाणी आले. गाडी दाखवून निसर्गास दोष देणे आणि धरण दाखवून प्रश्न मिटल्याचे सांगणे, दोन्ही भाषणे एकाच शितावर उभी आहेत. पाण्याचा न्याय मागणाऱ्या कार्यकर्त्याने अनेक वर्षांचा पाऊस, धरणाचा साठा आणि उसाखालील क्षेत्र एकत्र मांडले पाहिजे.

सोयीचे उदाहरण टाळ्या मिळविते. गैरसोयीचे उदाहरण स्वतःहून सांगून त्याचा उलगडा करणारा वक्ता विश्वास मिळवितो. चळवळ टाळ्यांवर नव्हे, विश्वासावर टिकते.