घर कोणाचे, कारखाना कोणाचा?

२०२० च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांतील कर्मचारी आपापल्या घरी बसून काम करू लागले. तेव्हापासून ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्दप्रयोग मध्यमवर्गाच्या तोंडी असा रुळला आहे की, जणू हा या शतकाचाच शोध असावा. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांना मात्र त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. तेंदूची पाने व तंबाखू घरी आणावयाचा, पाने भिजवून कापावयाची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळावयाच्या आणि हजाराच्या दराने मजुरी घ्यावयाची, हे ‘घरून काम’ त्या पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. नव्या प्रश्नाचा विचार त्यांच्या अनुभवापासून सुरू केला, तर पुष्कळ धुके निवळेल.

या पद्धतीचे लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हिंजवडीच्या रस्त्यावर रोज अडकून पडणाऱ्या तरुणास आयुष्यातील काही तास परत मिळाले. तान्हे मूल किंवा अंथरुणास खिळलेली सासू सोडून जिला बाहेर पडता येत नाही, अशा स्त्रीच्या हाती चार पैसे आले. माझी धाकटी सून घरून काम करते म्हणूनच मला नातवंडांचा सहवास लाभतो, हेही मी कबूल करतो.

परंतु खर्च कोण सोसतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रथम विचारला पाहिजे. कारखान्यात जागा, दिवाबत्ती, पाणी यांचा भार मालकावर असतो. काम घरी आले की तो निमूटपणे कुटुंबावर सरकतो. विडी कामगाराच्या एका खोलीत तंबाखूची धूळ लेकरांच्याही श्वासात जाते आणि संख्या भरावी म्हणून शाळकरी मुलीचे हात कामास लागतात. संगणकावर काम करणाऱ्याच्या घरी धूळ नाही. पण जेवणाचे मेज कचेरी होते, विजेचे देयक वाढते आणि कामास ना आरंभ राहतो, ना शेवट. सुनेचा दूरध्वनी रात्री दहालाही वाजतो आणि ती ताटावरून उठते. मार्क्सने १८६७ साली ‘भांडवला’च्या पहिल्या खंडात आधुनिक गृहोद्योगास कारखान्याचाच बाह्य विभाग मानले होते. ते निदान आजही जुने झालेले नाही.

घरी काम करणारी बाई आमची कामगारच नव्हे, हा विडी मालकांचा जुना युक्तिवाद. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले. मालक न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. पुढे १९८५ साली याच न्यायालयाने घरखेप कामगारांचा भविष्यनिर्वाह निधीवरील हक्कही मान्य केला. त्यामागील तत्त्व ध्यानात ठेवण्यासारखे आहे. निकृष्ट विडी नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती, नियंत्रणही त्याचेच. मग काम कोणाच्याही छपराखाली होवो. ज्याची यंत्रणा कर्मचाऱ्याच्या पडद्यावर मिनिटामिनिटाची नोंद ठेवते, त्या मालकाला हे तत्त्व किती अधिक लागू पडते!

याहून गंभीर हानी निराळीच आहे. विडी कामगार स्त्री माल देण्यास कारखान्यात जाते. तेथे रांगेत चौघी भेटतात. कोणाची किती छाट काढली, मजुरी कोठे थकली, याची बोलणी होतात. ती रांग हीच तिची सभा. सोलापूरजवळ कुंभारी येथे २००६ साली विडी कामगार स्त्रियांच्या ताब्यात दहा हजार घरे आली, ती संघटित लढ्याचे फळ होती. घरी बसलेल्या संगणक कर्मचाऱ्यास मात्र अशी रांगच उरलेली नाही. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यास काढून टाकल्याचे त्याला कळते, ते त्याचे नाव यादीतून नाहीसे झाल्यावर.

म्हणून घरून काम बंद करा, ही आपली मागणी असू शकत नाही. ज्या स्त्रीला दुसरा मार्गच नाही, तिच्या हातचे काम काढून घेणे हा समाजवाद नव्हे. मागणी अशी हवी की, काम जेथे जाईल तेथे कायदाही जावा. घरून काम करणाऱ्यांविषयीचा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ सालीच संमत केला. भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही. पोर्तुगालने २०२१ साली कायदा करून कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याशी संपर्क साधण्यास मालकांना मनाई केली आणि घरून काम करण्याचा वाढीव खर्च त्यांच्यावर टाकला. आपल्याकडे हे अशक्य का असावे?

परंतु कायदा आपोआप उंबरठा ओलांडत नाही. एके काळी आपले कार्यकर्ते पाळी सुटण्याच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी उभे राहत. आता फाटक घरोघरी विखुरले आहे. वस्तीतील विडी कामगार आणि सदनिकेतील संगणक कर्मचारी यांना एका सभेत बसविणे अवघड खरे. दोघांनाही प्रथम ते विचित्रच वाटेल. पण स्वतःच्या घराचे भाडे, दिवा आणि रात्र मालकाला फुकट देणारी ही दोन माणसे एकाच रांगेतली आहेत. ती रांग पुन्हा उभी करणे, हेच आजचे काम आहे.