साथरोगशास्त्राची पीएच.डी. जिल्ह्यातच होऊ द्या



करोनानंतर साथरोगशास्त्रात पीएच.डी. करू इच्छिणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. त्यांना मिळणारा सल्ला ठरलेला असतो: लंडनला जा, नाहीतर अमेरिका गाठ. जरूर जावे. पण ‘इथे करण्यासारखे काय आहे’ हे जे त्याला जोडून येते, ते मला मुळीच मान्य नाही.

आमच्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातला रुग्ण आपणहून दवाखान्यात येत नाही, म्हणून कर्मचारी गावोगाव फिरून रुग्ण शोधत. त्याच पायावर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावसमूहांतल्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदा केली, तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये जगापुढे आले. त्या निष्कर्षाचा आधार आज जगभर घेतला जातो. तेव्हा इथे विषय नाहीत, असे कोणी म्हणू नये.

अडते ते जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात. एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प २००४ पासून चालू आहे. आरोग्यसेविका संशयित रुग्णांचा ‘एस’ फॉर्म भरते, वैद्यकीय अधिकारी ‘पी’ आणि प्रयोगशाळा ‘एल’. आता हे सगळे संगणकावर जाते. गावात काविळीचे रुग्ण वाढले की पथक येते, पाण्याचे नमुने घेते, पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायला सांगते, अहवाल जातो आणि विषय मिटतो. तीच गावे पावसाळ्यात पुन्हापुन्हा का आजारी पडतात, गळती जलवाहिनीत आहे की उपशाच्या वेळापत्रकात, हे खोदून पाहायला कोणाला सवड नसते. पीएच.डी.चा विषय नेमका हाच आहे. नोंदी आहेत, प्रश्न आहे. तो वर्षानुवर्षे धरून बसणारा माणूस नाही. कारण जिल्हा साथरोगतज्ज्ञाचे पद कंत्राटी. मुदतवाढीची वाट पाहणारा माणूस तीन ते सहा वर्षांचे संशोधन कशाच्या भरवशावर हाती घेणार? पक्की नोकरी मिळाली की तो जातो, आणि त्याने जमवलेली जाणही त्याच्याबरोबर जाते.

नोकरी सांभाळून केलेले संशोधन कच्चे राहते, असा आक्षेप घेतला जातो. या विषयात मला उलटेच वाटते. इथे रोजचे काम हीच संशोधनाची सामग्री आहे, आणि अर्धवेळ पीएच.डी.ला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत परवानगीही आहे.

ही वाट केवळ एमबीबीएस झालेल्यांसाठी राखून ठेवू नये. दोडामार्गचा माकडताप समजून घ्यायचा, तर माकडे, गोचिडी आणि काजूच्या बागांतली मजुरी हे तिन्ही कळावे लागते. तिथे पशुवैद्य हवा, परिचारिका हवी, संख्याशास्त्राचा पदवीधरही हवा.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे: जिल्हा साथरोगतज्ज्ञाचे पद नियमित करा, त्या पदावर राहून पीएच.डी. करण्याची लेखी मुभा द्या, आणि रुग्णांची ओळख वगळून, नैतिकता समितीच्या मान्यतेने जिल्ह्याच्या नोंदी संशोधकांना खुल्या करा. येत्या अर्थसंकल्पात निदान पाच जिल्ह्यांपासून सुरुवात व्हावी.

— संख्याशास्त्राचा एक शिक्षक, बार्शी